जिलबीचा आचारी

पुण्यात कर्वेनगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर पाच-सहा जणांचं एक लहानसं कार्यालय होतं. ग्रंथालयांसाठी प्रोग्राम लिहायचा, हे त्यांचं काम. पिवळी पडलेली, वाळवीने खाल्लेली, मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली पानं स्कॅन करायची आणि त्यांतून अक्षर काळं, कागद पांढरा असं स्वच्छ पान काढायचं. शंभरी ओलांडलेली वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या कपाटांत जी नियतकालिकं, नाटकं, पंचांगं पडून आहेत, त्यांतली कितीतरी आता पुन्हा कुणी छापणार नाही. ती वाचवायची तर आत्ताच आणि तिथल्या तिथे, याची त्या सगळ्यांना मनापासून तळमळ होती. म्हणून दोन गोष्टी त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकल्या होत्या: प्रोग्राम फुकट द्यायचा, आणि ग्रंथालयात जो संगणक असेल त्यावर तो चालला पाहिजे.

त्यांच्यात लातूरहून आलेला एक मुलगा नवीन होता. हुशार, कष्टाळू आणि वेगाचं वेड असलेला. आणि कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या साधनाच्या, कामात अर्धं आयुष्य घातलेल्या एक बाई होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत.

पान स्वच्छ करण्यासाठी त्यांनी घेतलेली रीत फिनलंडमधल्या सौवोला आणि पिएटिकाइनेन यांनी २००० साली मांडलेली. सगळ्या पानाला एकच उंबरठा न लावता प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचा परिसर पाहायचा, तिथला उजेड सरासरी किती आणि त्यात चढउतार किती हे काढायचं, त्यावरून त्या ठिपक्यापुरता उंबरठा ठरवायचा. ठिपका त्याच्या वर असेल तर कागद, खाली असेल तर शाई. डागाळलेल्या पानाला ही रीत फार मानवते, कारण डागाच्या आतल्या अक्षराचा न्याय डागाच्या उजेडातच होतो. पण तिला हिशेब फार लागतो. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाखांच्या आसपास ठिपके होतात. प्रत्येकासाठी गुणाकार, बेरीज, वर्गमूळ, तुलना. मोजून पाहिलं तेव्हा प्रोग्रामचा बहुतेक सगळा वेळ या एकाच फंक्शनात जात होता. बाकीची शेकडो फंक्शनं फाइल उघडणं, मेनू दाखवणं, सेटिंग वाचणं असली बारीकसारीक कामं करून बाजूला होत होती.

मुलाने याच्यावर उपाय शोधला. इंटेल आणि एएमडी यांचे जे ६४-बिटी प्रोसेसर आपण वापरतो, त्या प्रत्येकाला एसएसई-टू हा सूचनासंच येतोच. त्याची रजिस्टरं १२८ बिटांची, म्हणजे ३२ बिटांच्या चार संख्या एका दमात. २०१३ साली इंटेलचा हॅसवेल प्रोसेसर आला, त्याच्याबरोबर एव्हीएक्स-टू आलं. त्यात २५६ बिट, आठ संख्या एकदम. कंपायलरला काही सांगितलं नाही तर तो सगळ्यांना येतं तेवढंच वापरतो, एसएसई-टूच्या पुढे जात नाही. पण जीसीसी कंपायलरला ‘मार्च=नेटिव्ह’ असा पर्याय दिला, की तो ज्या यंत्रावर बसला आहे त्या यंत्राला जे जे येतं ते सगळं मोकळ्या हाताने वापरतो. मुलाने तो पर्याय बिल्डच्या फाइलीत लिहिला, सगळा प्रोग्राम पुन्हा बांधला आणि एक पान चालवून पाहिलं. मघापर्यंत रेंगाळणारं काम चुटकीसरशी झालं. त्याने आणखी पानं चालवली, सगळ्यांना बोलावून दाखवलं. ताई त्या आठवड्यात गावाला गेल्या होत्या. आवृत्ती बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल बोलत होते.

“अहो, तुमचा नवा प्रोग्राम उघडतच नाही. आधीचा बरा चालत होता.”

“काका, टर्मिनलमधून उघडून पाहता का? काय लिहून येतं ते सांगा.”

काकांनी अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. आणि पुढे विचारलं, “बेकायदेशीर म्हणजे? आम्ही काही गैर केलं का?”

“नाही हो काका, तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या प्रोसेसरला जी सूचना येत नाही ती आमच्या प्रोग्रामने त्याला दिली. प्रोसेसर कोणता आहे?”

आय-थ्री, दुसऱ्या पिढीचा. म्हणजे २०११ सालचा सँडी ब्रिज. एव्हीएक्स-टू यायच्या दोन वर्षं आधीचा.

“काका, यंत्र जुनं झालंय. बदलता येईल का?”

“बदलायला हरकत काय? पण पैसे मंजूर व्हायला हवेत. आणि खरं सांगू का, याच यंत्रावर आमची सभासदांची नोंद चालते, वर्गणी चालते, तुमचा जुना प्रोग्रामही चालत होता. त्याला बाद कसं म्हणू?”

या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर याला प्रामाणिक उत्तर कुणाकडेच नसतं. आपल्याकडे चांगलं यंत्र आहे म्हणून दुसऱ्याचं चालू यंत्र मोडीत काढायचा अधिकार आपल्याला मिळत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात तो किती सहजपणे बजावला जातो हे रोज दिसतं.

ताई परत आल्या. कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत त्याच पिढीचा एक संगणक धूळ खात पडला होता. तो त्यांनी काढला, पुसला, चालू केला आणि त्यावर प्रोग्राम चढवला. पडला. मग डीबगर लावून नेमक्या कोणत्या सूचनेवर पडला ते पाहिलं. मुलाला वाटलं होतं, ठिपक्यांच्या त्या मोठ्या फंक्शनात पडला असणार. तसं नव्हतं. प्रोग्राम तिथवर पोचलाच नव्हता. तो पडला होता सेटिंगची फाइल वाचणाऱ्या एका क्षुल्लक फंक्शनात, ‘एसएचएलएक्स’ या सूचनेवर. संख्येतले बिट डावीकडे सरकवणारी ही सूचनाही हॅसवेलबरोबरच आलेली. सेटिंग वाचताना तिचा उपयोग शून्य. पण पर्याय सगळ्या प्रोग्रामला दिलेला होता, तेव्हा कंपायलरला जिथे जिथे बिट सरकवायचे होते तिथे तिथे त्याने ती पेरून ठेवली होती.

“घरात लग्न असलं की जिलबीला वेगळा आचारी बोलावतो की नाही?” ताई म्हणाल्या. “म्हणून पानं मांडणाऱ्यालाही जिलबी आलीच पाहिजे अशी अट कुणी घालतं का? तू ती घातलीस. तुझ्या सेटिंग वाचणाऱ्या फंक्शनालासुद्धा हॅसवेल हवाय.”

“मग पर्याय काढून टाकू?”

“काढ. पण तेवढ्यावर थांबू नकोस. पान लवकर व्हायला हवं हे तुझं म्हणणं बरोबरच आहे. ज्या फंक्शनाला ताकद हवी त्यालाच ती दे.”

मुलाने मग केलं ते बहुतेक जण करतात ते. ठिपक्यांचं फंक्शन वेगळ्या फाइलीत काढलं आणि फक्त त्या फाइलीला हॅसवेलचा पर्याय दिला. साध्या फाइलीत त्याच फंक्शनाची साधी प्रत ठेवली. प्रोग्राम सुरू झाला की प्रोसेसरला विचारायचं, तुला एव्हीएक्स-टू येतं का. येत असेल तर खास प्रत, नसेल तर साधी. स्वतःच्या यंत्रावर त्याने दोन्ही वाटा तपासल्या. साधी प्रत मुद्दाम निवडायला लावूनही पाहिलं. सगळं सुरळीत. फाइल काकांना पाठवून दिली.

काकांचा फोन या वेळी संध्याकाळी आला. प्रोग्राम उघडला होता, पानं स्वच्छ झाली होती. सकाळपासून बसून त्यांनी एका जुन्या मासिकाचा अख्खा अंक उरकला, शेवटी ‘जतन करा’ म्हटलं आणि खिडकी नाहीशी झाली. सकाळपासूनचं काम तिच्याबरोबर गेलं.

“पुन्हा करीन,” काका म्हणाले. “कागद कुठे पळून जात नाही. पण जपून उघडावी लागतात हो ती पानं, दर वेळी कडा तुटतात.”

त्या रात्री मुलगा घरी गेला नाही. अडगळीतल्या संगणकावर त्याने तीच चूक घडवून आणली. पुन्हा तीच सूचना, एसएचएलएक्स. पण आता ती होती फाइल दाबून लहान करणाऱ्या भागात, जो साध्या पर्यायांनीच बांधलेला होता. निव्वळ साध्या फाइलीत खास सूचना आली कुठून?

सकाळी ताईंनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दोघं बांधलेल्या फाइली उलगडून पाहायला बसले. या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिटांची ओळ लिहिणारा एक छोटा क्लास त्यांनी हेडर फाइलीत ठेवला होता. काळा-पांढरा निकाल लिहायला खास फाइलीला तो लागे, आणि दाबून लहान करणाऱ्या फाइलीलाही लागे. सी-प्लस-प्लसमध्ये हेडरात लिहिलेलं असं फंक्शन ज्या ज्या फाइलीत येतं, तिथे तिथे कंपायलर त्याची एकेक प्रत बनवतो. खास फाइलीतली प्रत हॅसवेलच्या सूचनांनी बनली, साध्या फाइलीतली साध्या सूचनांनी. दोन्हींचं नाव एकच. शेवटी लिंकर सगळ्या फाइली जोडतो तेव्हा त्याला एका नावाच्या दोन प्रती दिसतात. भाषेच्या नियमाप्रमाणे त्या सारख्याच असायला हव्यात, म्हणून तो पहिली दिसेल ती ठेवतो आणि दुसरी टाकून देतो. फाइली अकारविल्हे लावलेल्या, आणि खास फाइलीचं नाव एव्हीएक्सवरून ठेवलेलं, म्हणजे इंग्रजी ‘ए’पासून सुरू होणारं. ती यादीत पहिली आली. तिच्यातली हॅसवेलची प्रत टिकली, साधी प्रत गेली. जुन्या यंत्रावर ठिपक्यांचं काम साध्या फंक्शनाने बिनबोभाट केलं, आणि जतन करताना दाबणाऱ्या भागाने बिट-लेखकाला हाक मारली तर हॅसवेलवाला उत्तराला आला.

“पण मी साधी वाट तपासली होती,” मुलगा म्हणाला.

“कुठल्या यंत्रावर?”

मुलगा गप्प राहिला. नव्या यंत्रावर साधी वाट निवडली तरी तिच्यात मिसळलेली खास सूचना ते यंत्र मुकाट्याने पार पाडणार. ही चूक फक्त जुनं यंत्रच दाखवू शकतं. त्या दिवसापासून अडगळीतला तो संगणक मुलाच्या टेबलावर आला, आणि काहीही बाहेर पाठवायचं ते आधी त्याच्यावर चालवायचं असा नियम झाला.

“फाइलीला पर्याय दिला की फाइलीत जे जे येतं त्या सगळ्याला तो लागू होतो,” ताई म्हणाल्या. “तू लिहिलेलं एक फंक्शन, आणि हेडरांतून न विचारता आलेली पन्नास. तुला पर्याय फाइलीला द्यायचाच नाहीये. फंक्शनाला द्यायचाय.”

जीसीसीमध्ये ही सोय २००९ सालच्या ४.४ आवृत्तीपासून आहे. फंक्शनाच्या डोक्यावर ‘ॲट्रिब्यूट टार्गेट’ असं लिहून कंसात सूचनासंचाचं नाव द्यायचं. तेवढंच फंक्शन त्या संचासाठी बांधलं जातं. फाइल साधी राहते, हेडरातून आलेल्या प्रती साध्या राहतात, लिंकरच्या हाती गोंधळ घालायला काही उरत नाही. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत याहून सुटसुटीत रीत आली, ‘टार्गेट क्लोन्स’. फंक्शन एकदाच लिहायचं आणि कोणकोणत्या यंत्रांसाठी प्रती हव्यात ते सांगायचं. कंपायलर तेवढ्या प्रती बनवतो, आणि लिनक्सवर प्रोग्राम सुरू होतानाच एकदा प्रोसेसरची चौकशी होऊन योग्य प्रतीचा पत्ता नक्की होतो. साधी प्रत मात्र द्यावीच लागते. यादीत ‘डीफॉल्ट’ नसेल तर कंपायलर पुढे जात नाही. ही सक्ती मला फार आवडते.

मुलाने टार्गेट क्लोन्सची ओळ लिहिली. पण त्याने ती लिहिली एका ठिपक्याचा निकाल देणाऱ्या आतल्या छोट्या फंक्शनावर, कारण गणित तिथे होतं. बांधलं, चालवलं. जुन्या यंत्रावर व्यवस्थित. नव्या यंत्रावर मात्र पहिल्या साध्या आवृत्तीपेक्षाही हळू.

तो चक्रावला. ताईंनी त्याला उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारलं, “आधी ते छोटं फंक्शन कुठे जायचं?”

आधी ते बाहेरच्या लूपमध्ये विरघळून जायचं. कंपायलर छोटी फंक्शनं हाक मारण्याच्या जागीच उतरवून घेतो, आणि तशी उतरली तरच त्याला चार-चार, आठ-आठ ठिपके एकत्र बांधता येतात. पण खास फंक्शन साध्या फंक्शनात उतरवता येत नाही. साधं फंक्शन कोणत्या यंत्रावर चालणार याची खात्री नसते, त्याच्या पोटात खास सूचना घालून कसं चालेल? उलट दिशेने मात्र अडचण नाही: साधं फंक्शन खास फंक्शनात खुशाल उतरतं, कारण ज्याला जास्त येतं त्याला कमीही येतंच. मुलाने भिंत उभी केली होती ती नेमकी लूप आणि गणित यांच्यामध्ये. आता एका पानाला ८७ लाख वेळा हाक, प्रत्येक हाक पत्त्याच्या तक्त्यातून वळसा घालून, आणि आठ संख्या मावतील अशा रजिस्टरात दर खेपेला एकच संख्या. एवढी रुंद रजिस्टरं मिळूनही ती रिकामीच धावत होती.

त्याने ओळ काढून वरच्या फंक्शनावर लावली, जे पानाची एक आडवी ओळ एका हाकेत हातावेगळी करतं. हाका ८७ लाखांवरून ३५०८ वर आल्या. ठिपक्याचं छोटं फंक्शन साधंच ठेवलं. ते दोन्ही प्रतींत आपापल्या परीने विरघळलं. नव्या यंत्रावर पान पहिल्या दिवसासारखंच चुटकीसरशी झालं, जुन्या यंत्रावर पूर्वीच्याच वेगाने झालं आणि जतनही झालं.

मग प्रश्न आला तो कोणत्या यंत्राला खास प्रत द्यायची हे ठरवण्याचा. मुलाला वाटलं, साल पाहिलं की झालं. २०१३ नंतरचं म्हणजे एव्हीएक्स-टू असणारच. ताईंनी त्याला २०१८ च्या पेन्टियम गोल्डची माहिती काढायला सांगितली. नवा कोरा प्रोसेसर, पण स्वस्तातला. त्याला एव्हीएक्स-टू सोडाच, साधं एव्हीएक्सही नाही. शाळा-वाचनालयांत जातात ते बहुधा असलेच संगणक.

“मग कंपनी आणि मॉडेल यांची यादी करू?”

ही वाट तर त्याहून वाईट, आणि तिची हकिकत जगजाहीर आहे. इंटेलचा स्वतःचा कंपायलर एकाच फंक्शनाच्या अशाच वेगवेगळ्या प्रती बनवत असे. पण प्रत निवडताना तो यंत्राला काय येतं एवढंच न पाहता यंत्राने आपलं नाव ‘जेन्युइन इंटेल’ असं सांगितलं की नाही तेही पाहत असे. एएमडीच्या प्रोसेसरला त्या सूचना येत असल्या तरी नाव वेगळं म्हणून त्याच्या वाट्याला हळू प्रत यायची. डेन्मार्कमधल्या अ‍ॅग्नर फॉग या अभ्यासकाने हे खोलात जाऊन तपासलं आणि उघडपणे मांडलं. २००९ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात जी तडजोड झाली तिच्यात इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर दिले, आणि कंपायलरमधून दुसऱ्याच्या प्रोसेसरचा वेग मुद्दाम मारायचा नाही असंही त्यात लिहून घेतलं गेलं. घराणं विचारून काम देण्याचा हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही. तो यंत्रांच्या जगातही कुणीतरी हाताने लिहून ठेवला होता, हे वाचून मुलगा बराच वेळ अस्वस्थ होता.

“वय नको, घराणं नको, किंमत नको,” ताई म्हणाल्या. “समोर बसलेल्या यंत्रालाच विचार, तुला काय येतं. ते खरं सांगतं.”

प्रोसेसरमध्ये त्यासाठी ‘सीपीयूआयडी’ ही सूचनाच आहे. टार्गेट क्लोन्स तिलाच विचारतं. इतकंच की मिळालेलं उत्तर त्या चिपवरच्या सगळ्या गाभ्यांना, म्हणजे कोअरना, लागू असायला हवं. २०२१ साली इंटेलने ऑल्डर लेक आणला तेव्हा त्याच्या मोठ्या गाभ्यांत एव्हीएक्स-५१२ ची क्षमता होती, त्याच चिपवरच्या छोट्या गाभ्यांत नव्हती. प्रोग्राम कोणत्या क्षणी कोणत्या गाभ्यावर असेल हे कार्यप्रणाली ठरवते. मोठ्यावर सुरू झालेलं फंक्शन छोट्यावर येऊन कोसळणार. शेवटी इंटेलने मोठ्यांवरचंही ते बंद केलं.

एवढं झाल्यावर काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण दोन वाचनालयांनी एकाच अंकाचं स्कॅन आपापल्या यंत्रावर स्वच्छ केलं, आणि दोन्ही निकालांचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बिटांवरून काढलेल्या ओळखखुणा, जुळेनात. आता हे वरकरणी किरकोळ. पानं शेजारी ठेवली तर डोळ्याला फरक दिसत नव्हता. कुणीही म्हणालं असतं, सोडून द्या. मुलगाच म्हणाला, “ताई, हे सोडायचं नाही. उद्या कुणी विचारलं की यातली खरी प्रत कोणती, तर काय सांगायचं?”

त्याच्यात झालेला हा बदल ताईंच्या लक्षात आला असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

दोन्ही पानांची ठिपका-ठिपका तुलना केली तेव्हा मोजके ठिपके वेगळे निघाले. त्यांतला एक त्यांनी जवळून पाहिला. एका ‘ष’च्या तिरप्या रेघेच्या कडेवरचा करडा ठिपका, त्याचं मूल्य उंबरठ्याला अगदी चिकटलेलं. एका यंत्रावर उंबरठा केसभर वर निघाला, दुसऱ्यावर केसभर खाली. एकीकडे शाई झाली, दुसरीकडे कागद. कारण मुलाच्या त्या एका ओळीतच होतं. त्याने सूचनासंचाचं नाव न देता अख्ख्या प्रोसेसरचंच नाव दिलं होतं, ‘आर्च=हॅसवेल’. त्याबरोबर एफएमए हा आणखी एक संच न मागता आला. एफएमए गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात करतं, आणि दशांशाखालची काटछाट एकदाच होते. साधं यंत्र गुणाकारानंतर एकदा काटतं आणि बेरजेनंतर पुन्हा एकदा. एफएमएचं उत्तर खरं तर जास्त अचूक असतं. पण इथे अचूकपणा शेवटच्या बिटाचा होता, आणि हवं होतं ते सगळीकडे सारखं उत्तर. जीसीसीला मोकळं सोडलं तर तो अशी जोडणी आपणहून करतो. मुलाने ओळीतलं हॅसवेल खोडून नुसतं ‘एव्हीएक्स-टू’ लिहिलं, आणि पुढे कुणी संच वाढवला तरी उत्तर बदलू नये म्हणून जोडणी बंद करणारा ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ हा पर्याय सबंध प्रोग्रामला दिला. हा पर्याय सगळ्यांना द्यायला हरकत नव्हती. त्यासाठी कुणालाच जास्तीचं काही यावं लागत नाही. वेगात फरक पडला तो जाणवण्याइतका नव्हता. पान पुन्हा चालवलं, या वेळी नव्या, जुन्या आणि एका स्वस्तातल्या पेन्टियमवर. तिन्हींचा चेकसम एक.

ती आवृत्ती काकांकडे गेली. त्यांनी तो अंक पुन्हा पहिल्या पानापासून केला, जतन केला आणि चेकसम फोनवर वाचून दाखवला. मुलगा समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर ताडून पाहत होता.

पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका फंक्शनाकडे मोर्चा वळवला. पानाची झटपट झलक दाखवताना प्रोग्राम आधी २५६ छटांपैकी कोणती किती वेळा आली ते मोजतो. हे फंक्शनही सगळे ठिपके पाहतं, मग त्यालाही खास प्रत देऊ असं त्याच्या मनात आलं. ओळ लिहिली, बांधलं, दोन्ही यंत्रांवर मोजलं. फरक नाही. उलगडून पाहिलं तर खास प्रतीतही रुंद सूचना जवळपास नव्हत्याच. आठ ठिपके एकदम घेतले आणि त्यांतले तीन एकाच छटेचे निघाले, तर त्या छटेच्या एकाच खान्यात तिघांची भर एकदम कशी घालणार? कंपायलरला हे कळतं, म्हणून तो एकेकच मोजत राहतो. खास प्रतीने प्रोग्रामचा आकार तेवढा वाढला होता.

मुलाने ओळ खोडली. का खोडली ते दोन वाक्यांत फंक्शनाच्या डोक्यावर लिहून ठेवलं, म्हणजे पुढे येणारा कुणी तीच मेहनत पुन्हा करणार नाही, आणि डिस्कवरून पान वाचायला किती वेळ लागतो ते मोजायला घेतलं.